साहेबांचा उजवा कान

माझ्या सासऱ्यांचा उजवा कान सोन्यासारखा चमकतो. बाकीचे सासरे काळपट हिरवे आहेत, खांद्यांवर कबुतरांची कृपा आहे आणि डाव्या बुटाला कुणीतरी च्युइंगगम चिकटवून ठेवलंय. पण कान असा लखलखीत की उन्हात बघवत नाही. मी त्यांच्या पुतळ्याबद्दल बोलतेय, हे आधीच सांगितलेलं बरं. जिवंतपणी त्यांचा कान कुणाच्या हाताला लागला नव्हता. बायकोच्या तर नाहीच नाही.

पुतळा नगरपालिकेसमोरच्या चौकात आहे. सासरे तिथे वर्षानुवर्षं अध्यक्ष होते. सगळं शहर त्यांना साहेब म्हणायचं, आणि घरीही तेच चालायचं. पुतळा उभा नाही, बसलेला आहे. धातूच्या बाकावर, दोन्ही पंजे गुडघ्यांवर, जरासे पुढे झुकून, मान कलती करून उजवा कान पुढे काढलेला. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी ठेवली आहे. कल्पना अशी, की सामान्य माणसाने यावं, साहेबांच्या शेजारी बसावं आणि मन मोकळं करावं.

कल्पना स्मारक समितीच्या चिटणीसांची. पुतळा ठरला तेव्हा ते शिल्पकाराला घेऊन आमच्या घरी आले होते. शिल्पकार बिचारा वही उघडून बसला आणि म्हणाला, "साहेबांचा सगळ्यात मोठा गुण सांगा. तोच मी पकडतो."

"ऐकणं," चिटणीस म्हणाले. त्यांनी डोळेही मिटले. "साहेब ऐकायचे. शेवटच्या माणसाचं ऐकायचे."

"कुणाचं?" स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं.

"शेवटच्या माणसाचं, आई!" चिटणीस जोरात ओरडले. त्यांना वाटलं म्हातारीला ऐकू कमी येतं. आतून हसण्याचा आवाज आला, मग दूध उतू गेल्याचा वास आला, आणि शिल्पकाराने वहीत कान काढला.

आता ऐकण्याच्या बाबतीत मला थोडं बोलायचा हक्क आहे, कारण मी इस्पितळात कान तपासते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, बारीकसा आवाज आला तरी दाबा. सासऱ्यांनी पद सोडलं त्या वर्षी सासूबाई त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. म्हणाल्या, ह्यांना काही ऐकू येत नाही, मी बोलते ते भिंतीला जातं. मी तपासलं. ज्या आवाजाला तरुण मुलंही चाचपडतात त्या आवाजाला सासऱ्यांनी बटण दाबलं. दोन्ही कान ठणठणीत. बाहेर येऊन मी सासूबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मी त्यांना इतकी वर्षं माफ करत आले, बहिरे असतील म्हणून."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. सासूबाईंनी मात्र पर्स उचलली आणि त्या सासऱ्यांच्या मागोमाग निघाल्या. सासरे पुढेच चालायचे.

घरी त्यांचं ऐकणं म्हणजे दोन आवाज होते. वर्तमानपत्र समोर असलं की "हं", आणि नसलं की "बघू". सासूबाईंना स्वयंपाकघराला खिडकी हवी होती. लग्न होऊन आल्या तेव्हापासून हवी होती. स्वयंपाकघर रस्त्याकडच्या बाजूला, भिंत आपलीच, पलीकडे मोकळी हवा; पण आत दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा आणि फोडणी दिली की डोळ्यांतून पाणी. शहरातल्या शाळांना खिडक्या मिळाल्या, दवाखान्याला मिळाल्या, पालिकेच्या गोदामालासुद्धा मिळाल्या, जिथे आत नुसत्या झाडण्या ठेवतात. सासूबाई खिडकी म्हणाल्या की साहेब म्हणायचे, बघू. बघता बघता ते गेले.

पुतळा बसल्यानंतर आठवड्याभराचीच गोष्ट. मी आणि सासूबाई भाजी घेऊन चौकातून परत येत होतो. त्या म्हणाल्या, पाय दुखले, जरा टेकू या. टेकायला जागा एकच होती. त्या साहेबांच्या शेजारी बसल्या, पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली, पुतळ्याकडे वर-खाली पाहिलं. इतक्या जवळून तो कान त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिला असावा. मग त्यांनी हात वर केला, कानाची पाळी चिमटीत धरली आणि चांगली पिळली.

"अहो," त्या म्हणाल्या, "खिडकी."

कान पिळतानासुद्धा अहोजाहो सुटलं नव्हतं. मी हसू दाबायला तोंड फिरवलं, तर समोर चावीवाला. चौकात त्याची टपरी आहे, डुप्लिकेट चाव्या करून देतो. तो हातातलं काम थांबवून टक लावून बघत होता.

घरी आल्यावर सासूबाईंना काय झालं कोण जाणे. त्यांनी कुणाला न विचारता गवंड्याला फोन लावला. गवंडी आला, भिंत फुटली, खिडकी बसली. आयुष्यभर जी झाली नाही ती गोष्ट आठवड्यात झाली, कारण आता मध्ये वर्तमानपत्र नव्हतं. सासूबाईंनी त्या खिडकीत एक कुंडी ठेवली आणि दुपारभर तिथे स्टूल टाकून बसू लागल्या. त्यांचा चेहराच बदलला. मला तर त्या उजेडात त्यांचे डोळे घारे आहेत हे पहिल्यांदा कळलं.

पुढच्या वेळी चौकात चावीवाल्याने विचारलं, "मग आजी, झाली का खिडकी?"

"झाली ना."

"म्हणजे साहेबांनी ऐकलं!"

"ते कसले ऐकतायत. मी गवंड्याला सांगितलं."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. चावीवाल्याच्या कानांतही काही दोष नाही, तेही मी पुढे तपासले. पण त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही. त्याला एवढंच कळलं होतं की बाईने कान पिळला, मागणी सांगितली आणि आठवड्यात काम झालं. त्याने त्याच संध्याकाळी जाऊन स्वतः कान पिळला आणि घरमालकाने भाडं वाढवू नये म्हणून सांगितलं. घरमालक नेमका आजारी पडला आणि भाड्याचं बोलायला आलाच नाही. झालं! चावीवाल्याने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही हकिगत चावीबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली.

मग परीक्षेची मुलं आली. मग नोकरीच्या मुलाखतीला जाणारे आले, कोर्टात तारीख असलेले आले, मुलीचं लग्न न जमणारे आले आणि जमलेलं मोडू बघणारेही आले. खेळाच्या संघांत तर भांडण व्हायची वेळ आली, कारण दोन्ही संघ सामन्याच्या सकाळी एकाच कानाशी उभे. जो हरला त्याने म्हणे घाईत पिळला होता. कान हळूहळू उजळत गेला. डावा कान काळाच राहिला, आणि तो अशुभ असल्याचं आपोआप ठरलं. एका बाईने चुकून डावा धरला आणि तिची पर्स चोरीला गेली. ती रांगेत उभी असताना गेली, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

माझ्या कामावर याचा परिणाम व्हायला वेळ लागला नाही. म्हातारी माणसं यायची, मी सांगायची की यंत्र बसवावं लागेल, तर म्हणायची, एकदा साहेबांचा कान पिळून बघतो, मग ठरवू. माझे डॉक्टर, जे कानाचे तज्ज्ञ म्हणून दोन-तीन शहरांत ओळखले जातात, ते यावर पोट धरून हसायचे. नवीन विभागाच्या प्रमुखपदासाठी नावं मागवली त्या दिवशी मी त्यांना चौकात पाहिलं. त्यांनी टोपी कपाळावर ओढली होती. मीही मूग गिळून पुढे गेले.

जिथे गर्दी तिथे समिती. पुतळा बसवून झाल्यावर समितीला काही काम उरलं नव्हतं. आता चिटणीसांना नवा जोम चढला. कठडा आला, रांगेसाठी दोर आले, पाटी आली. पाटीवर लिहिलं होतं, 'कान उजवाच धरावा. उजव्या हाताने धरावा. एकदाच पिळावा. मागणी थोडक्यात सांगावी.' आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'साहेब ऐकतात.' चावीवाल्याने पितळी कानाच्या किचेन काढल्या. त्यातही उजवाच. सुरुवातीला कारागिराने एक पोतंभर डावे करून आणले होते, ते कुणी घेईना, तर ते सासूला भेट द्यायला खपले.

सासूबाई मात्र नेहमीसारख्या जायच्या. पिशवी घेऊन, चपला ओढत, दिवसभरातलं सांगायला. खिडकी झाली तरी सांगण्यासारखं बरंच साचलेलं होतं. एक दिवस दोराजवळच्या स्वयंसेवकाने त्यांना अडवलं.

"आजी, रांगेत या."

"अरे, तो माझा नवरा आहे."

"सगळ्याच असं सांगतात, आजी. मागे व्हा."

त्या मागे झाल्या. उन्हात रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर आला तेव्हा स्वयंसेवक म्हणाला, थोडक्यात सांगा. त्यांनी कान धरला आणि काहीच न सांगता सोडून दिला. घरी येऊन खिडकीत बसल्या. मी चहा दिला तर म्हणाल्या, "आधी वर्तमानपत्र मध्ये होतं, आता गाव मध्ये आलं." त्या दिवशी मला त्या पुतळ्यावर दगड मारावासा वाटला. अजूनही कधीकधी वाटतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. पुतळ्याला दहा वर्षं होणार होती, आणि समितीला काहीतरी भव्य करायचं होतं. चिटणीस पुन्हा आमच्या घरी आले. या वेळी शिल्पकार नव्हता, मोजपट्टी घेतलेली दोन माणसं होती.

"साहेबांचं घर," चिटणीस हात पसरून म्हणाले, "आता शहराचं व्हायला हवं. संग्रहालय! साहेबांची खोली, साहेबांची खुर्ची, साहेबांचा चष्मा. लोक कान पिळून सरळ इकडे येतील."

"आणि आम्ही?" मी विचारलं.

"तुमची सोय केली आहे ना! नव्या वसाहतीत फ्लॅट आहे. चौथा मजला. लिफ्ट मंजूर आहे."

मंजूर आहे म्हणजे नाही, हे पालिकेच्या गावात लहान मूलही जाणतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. घर सासऱ्यांनंतर त्याच्या नावावर आलं होतं. सासूबाईंना विचारावं असं तेव्हा कुणाला सुचलंच नाही. माझा नवरा वाईट माणूस नाही. पालिकेत पाणीखात्यात आहे, चिटणीसही तिथेच अधिकारी, त्यांच्या समोर रोज बसतो, आणि नाही म्हणायला त्याची जीभ उचलत नाही. तो मोबाईलमध्ये बघत होता.

"हं," तो म्हणाला.

मोजणारे स्वयंपाकघरात शिरले. चिटणीसही गेले आणि खिडकी बघून एकदम खूश झाले. "वा! ही तर रस्त्याकडेच उघडते. तिकीटखिडकी इथेच!"

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. मोजपट्टी त्यांच्या डोक्यावरून गेली.

"मी इथून जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"आईंच्या भावना आम्ही समजू शकतो," चिटणीस म्हणाले. "ती कुंडी जरा बाजूला घेता का? रुंदी नीट मिळत नाहीये."

"मी जाणार नाही म्हणाले."

"साहजिक आहे, आई. माणसाचा जीव गुंततो." आणि मोजणाऱ्याला, "पावणेचार फूट लिही."

नंतर सासूबाईंनी मुलाला सांगितलं. एकदा जेवताना, एकदा तो बूट घालताना. तो म्हणाला, "बघू आई." मी भांडले. मी चांगलीच भांडले, भांडी आपटून भांडले. तर म्हणाला, "अगं, शब्द दिलाय मी. समारंभात स्टेजवर सही करायची आहे. आता कसं नाही म्हणणार?" मी विचारलं, आईला काय शब्द दिलायस? तो बराच वेळ विचार करत असल्यासारखा दिसला, मग लक्षात आलं की त्याच्या मोबाईलवर काहीतरी आलं होतं.

समारंभाची पत्रिका आली. त्यात एक नवीन कल्पना होती आणि चिटणीसांना तिचा फार अभिमान होता. पुतळ्याच्या कानाशी माईक बसवणार होते. मुहूर्ताची पहिली मागणी साहेबांच्या पत्नी सांगणार आणि ती सगळ्या चौकाला ऐकू जाणार. मागणी टाईप करून घरी पाठवली होती. 'आमचे राहते घर साहेबांच्या संग्रहालयासाठी शहरास अर्पण होवो व शहराची भरभराट होवो.' सासूबाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

"आई, तुम्ही हे वाचणार?" मला राहवलं नाही.

"माईक म्हणजे लांबपर्यंत जातं ना गं?"

"पार पालिकेच्या मागच्या गल्लीपर्यंत."

"मग जाते की," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला घेतली.

समारंभाला शहर लोटलं होतं. पुतळ्यावर नवं छत होतं. कान आदल्या दिवशी लिंबू आणि राखेने घासून काढला होता, जणू तो तसा पुरेसा चमकत नव्हता. पहिल्या ओळीत उमेदवार बसले होते, कारण निवडणूक तोंडावर होती आणि दोन्ही पक्षांचे लोक मागणी सांगून गेले होते. माझे डॉक्टर होते, या वेळी टोपीशिवाय. प्रमुखपद मिळालं होतं. चावीवाला तर टपरीवर रोषणाई करून बसला होता. स्टेजवर माझा नवरा, समोर टेबल, टेबलावर कागद आणि पेन.

चिटणीसांनी भाषण केलं. लांबलचक केलं. आणि शेवटी ते वाक्य बोलले, जे त्यांनी बोलायला नको होतं.

"मित्रहो, या कानात सांगितलेली एकही मागणी आजवर फुकट गेलेली नाही! आणि आज तर साक्षात साहेबांच्या सहधर्मचारिणी मागणी सांगणार आहेत. त्यांचं साहेब ऐकणार नाहीत, तर कुणाचं ऐकणार?"

टाळ्या कडाडल्या. सासूबाई उठल्या. मी त्यांना दोरापर्यंत सोडलं. स्वयंसेवक तोच होता, आज त्याने वाकून दोर बाजूला केला. त्या बाकावर बसल्या, पर्स माझ्याकडे दिली आणि कागद चिटणीसांकडे.

"चष्मा घरी राहिला," त्या म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मग त्यांनी उजवा कान धरला. एकदाच पिळला, पाटीवर लिहिल्याप्रमाणे.

"अहो," सगळ्या चौकात आवाज घुमला. कबुतरं उडाली. लोक कौतुकाने हसले.

"अहो, मी बोलतेय. तुमच्या हाताशी वर्तमानपत्र नाही आणि तुम्हाला उठून जाता येत नाही, तेव्हा आज पूर्ण ऐका. तुम्ही ह्या सगळ्यांचं ऐकलंत असं हे म्हणतात. ऐकलं असेल. माझं एकदाही ऐकलं नाहीत. खिडकी मी केली, गवंड्याला फोन करून. तुम्ही नाही. मी हे ह्या लोकांना पण सांगितलं, तर ह्यांनीही ऐकलं नाही. तुमचंच गाव ते."

हसणं थांबलं होतं. चिटणीस हातातला कागद पुढे करत होते, आई, हे, हे वाचा. सासूबाईंनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा आवाज कापायला लागला होता, पण कान त्यांनी घट्ट धरून ठेवला.

"आता माझी मागणी. मी घर सोडणार नाही. मला चौथा मजला नको. माझ्या खिडकीत बसून कुणी तिकिटं फाडायची नाहीत. तिथे माझी कुंडी आहे, तिथे मी आहे. मी मेल्यावर काय करायचं ते करा. पण तोवर मी तिथेच राहणार. ऐकलंत ना? थोडक्यात सांगितलंय."

त्यांनी कान सोडला.

पालिकेच्या मागच्या गल्लीत कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं तेवढंच. मला वाटलं आता कुणीतरी म्हणेल, बरोबर आहे, बाईचं घर आहे, तिला कशाला हलवता. मी खरंच तशी वाट पाहिली. इतकी माणसं होती, एकाने तरी म्हणायचं!

कुणी म्हणालं नाही. सगळे चिटणीसांकडे बघत होते आणि चिटणीस कानाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून मला हिशेब स्पष्ट दिसत होता. नवऱ्याने सही केली तर घर मिळतं, पण मग साहेबांनी सख्ख्या बायकोचं ऐकलं नाही असं होतं, आणि तेही माईकवर, साऱ्या शहरासमोर. मग कान कसला? मग रांग कसली, पाटी कसली, समिती तरी कशाला?

सगळ्यात आधी हे चावीवाल्याला उमगलं. त्याच्या टपरीत किचेनची पोती भरलेली होती. तो स्टुलावर चढून जीव खाऊन ओरडला, "ऐकलं! साहेबांनी ऐकलं!"

मग पहिली ओळ उठली. दोन्ही पक्षांचे उमेदवार, ज्यांनी त्याच कानात एकमेकांच्या पराभवाची मागणी सांगितली होती, एका सुरात ओरडायला लागले. डॉक्टर ओरडले. परीक्षेची मुलं ओरडली. ऐकलं, ऐकलं, ऐकलं! सगळ्यांना स्वतःच्या मागणीची काळजी पडली होती, आणि म्हातारीचं घर वाचल्याशिवाय ती सुरक्षित नव्हती. चिटणीसांनी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं की साहेबांनी आजही, नेहमीप्रमाणे, ऐकलेलं आहे. टेबलावरचा कागद त्यांनी स्वतःच उचलून खिशात घातला. माझा नवरा पेन हातात धरून तसाच बसला होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी होती. 'साहेबांच्या कानाची पुन्हा प्रचिती. पत्नीची मागणी क्षणात पूर्ण.' कानाचा मोठा फोटो होता. सासूबाईंची त्यात फक्त दोन बोटं आली होती. त्या काय बोलल्या हे छापलं नव्हतं. 'कौटुंबिक स्वरूपाची मागणी' एवढंच होतं. रांग आता पोस्टाच्या पुढे जाते. घर वाचवायचं असेल तर खास जावं म्हणतात, तिथे हमखास होतं.

सासूबाई पुन्हा गेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "झालं सांगून." त्या त्यांच्या खिडकीत बसल्या होत्या, उजेडात, मटार सोलत. मला वाटलं, जिंकल्या, आता खूश असतील. पण तशा दिसत नव्हत्या.

संध्याकाळी नवरा नेहमीच्या जागी बसला होता, मोबाईल घेऊन. मी समोर जाऊन उभी राहिले.

"उद्या चिटणीसांना जाऊन सांग, हे घर कधीच मिळणार नाही. पुढच्या वर्षीही नाही. तुझ्या तोंडून सांग. आणि घर आईंच्या नावावर करायचे कागद कर."

"हं," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी सरळ त्याच्या बाजूला गेले आणि हात पुढे केला.

"उजवा धर गं," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "डावा लहानपणापासून दुखतो त्याला."

माझा हात अजून हवेतच होता, तर त्याने मोबाईल पालथा ठेवला. वर बघितलं. चक्क माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणालीस? परत सांग," तो म्हणाला. "ऐकतोय."

मी परत सांगितलं. त्याने मान डोलावली, आणि मग आईकडे वळून म्हणाला, "उद्याच करतो, आई."

सासूबाई मटारचं ताट हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्या कधी त्याच्याकडे, कधी माझ्या हाताकडे बघत होत्या.

"एवढंच होतं होय," त्या म्हणाल्या. "मग मी त्यांचा जिवंतपणीच धरायला हवा होता."

आणि ताट घेऊन आत गेल्या.